ताठ फ्रेम कोणासाठी?

डाउनहिलची, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली यायची, सायकल घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला एकच मिळतो: फ्रेम ताठ, जोराला न लवणारी, बघून घे. दुकानात हेच, गोंडोलाच्या (केबलकारच्या) रांगेत हेच, आणि सायकलींची परीक्षणं लिहिणारे तर ताठपणा कौतुकाच्या रकान्यातच धरतात. सल्ला देणारी माणसं अनुभवी असतात, त्यांची कळकळही खरी असते. पण मी पाच फूट दोन इंच उंचीची, चोपन्न किलो वजनाची बाई आहे, आणि हा सल्ला कोणाच्या अंगावर बेतलेला आहे हे कुणीच सांगत नाही याची मला मनापासून चीड येते.

मी ग्लासगोत राहते. उन्हाळ्यात सवड मिळाली की आम्ही दोघं, म्हणजे नवरा आणि मी, स्कॉटलंडमधलंच फोर्ट विल्यम गाठतो. तिथे नेव्हिस रेंजची गोंडोला सायकलसकट वर नेऊन सोडते, आणि खाली येण्यासाठी जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या डाउनहिल ट्रॅकपैकी एक समोर असतो. लांबी सुमारे २.८ किलोमीटर, उतार साडेपाचशे मीटरच्या आसपास. २००२पासून इथे अनेकदा वर्ल्ड कप झालाय, २००७ आणि २०२३मध्ये जागतिक अजिंक्यपदही झालं. वरचा भाग उघड्या माळावरचा, नुसते खडक. मग झाडी, मुळं आणि चिखल. आणि शेवटी मोठ्या उड्यांचा रुंद पट्टा. व्यावसायिक रायडर हे सगळं साडेचार-पाच मिनिटांत उरकतात. सामान्य माणसाचे तळहात तेवढ्या अंतरात सोलवटून निघतात. फ्रेम ताठ असली म्हणजे नेमकं काय होतं, हे कळायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एक गोष्ट आधीच बाजूला काढते. ‘कार्बनची फ्रेम खडखडते, अल्युमिनियमची मऊ लागते’, किंवा याच्या अगदी उलट, अशी विधानं लोक उभ्या धक्क्याबद्दल करतात. डाउनहिलच्या सायकलीत ती निरर्थक आहेत. पुढे-मागे २०० मिलिमीटर सस्पेन्शन, त्याखाली अडीच इंची टायर, त्यात वीस-पंचवीस पीएसआय हवा. इतकं सगळं दबत असताना फ्रेम मिलिमीटरभर जास्त दबली काय नि कमी दबली काय, हाताला ते कळणं अशक्य. जे कळतं ते आडवं. बाजूने येणाऱ्या जोराला सस्पेन्शन जागचं हलत नाही. तिथे फक्त टायर, चाक, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) आणि फ्रेम एवढेच उरतात, आणि त्यांच्यात जे काही लवेल तेच.

वळणावर काय होतं बघा. सायकल चाळीस-पंचेचाळीस अंश कलली आहे. वळण गुळगुळीत असेल तर सगळा भार सायकलच्या मधल्या प्रतलातूनच जमिनीत जातो, फ्रेमला बाजूने काही सोसावं लागत नाही. पण वाटेत मूळ आलं, दगड आला, की त्याचा धक्का जमिनीला काटकोनात वर येतो. पंचेचाळीस अंशांच्या कलावर त्या धक्क्याचा जेवढा घटक सस्पेन्शनच्या दिशेने जातो तेवढाच आडवा जातो. सस्पेन्शन आपला वाटा गिळतं. आडवा वाटा गिळायला कुणी नसलं, की टायर जमिनीवरून उचलला जातो, क्षणभर पकड सुटते, आणि सायकल वळणाच्या बाहेर हातभर सरकते. कावडीचा बांबू चालीबरोबर लवतो म्हणून खांद्याला हिसका बसत नाही. वळणातल्या फ्रेमकडून मला तेवढंच लवणं हवं असतं, त्याहून जास्त नाही.

मोटरसायकलवाल्यांनी हे धडे आपल्याआधी आणि महाग किंमत देऊन घेतले. होंडाने १९९७च्या सीआर २५० आर या मोटोक्रॉस गाडीला पहिल्यांदा अल्युमिनियमची जुळी-पट्टी फ्रेम दिली. पोलादी फ्रेमपुढे ती कमालीची ताठ होती, आणि तक्रारही तीच आली: गाडी अंगावर येते, खाचखळग्यांत हात भरून येतात. पुढच्या पिढ्यांमध्ये होंडाने तीच फ्रेम मुद्दाम मऊ करत नेली. रस्त्यावरच्या शर्यतींमध्ये डुकाटीने २००९ला मोटोजीपीच्या गाडीला कार्बन फायबरची चौकट दिली. केसी स्टोनरने मोसमातली पहिलीच शर्यत, कतारची, तिच्यावर जिंकली. २०११मध्ये व्हॅलेंटिनो रॉसी त्या संघात आला आणि पुढचं चाक काय करतंय ते कळतच नाही म्हणत राहिला. २०१२ला डुकाटी अल्युमिनियमच्या चौकटीवर आली. रॉसीला त्या दोन वर्षांत डुकाटीवर एकही शर्यत जिंकता आली नाही. याला कारणं अनेक होती, सगळा दोष कार्बनच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण जगज्जेत्या रायडरलासुद्धा फ्रेमच्या लवण्यातून माहिती मिळत असते, आणि एकाला जे भावतं ते दुसऱ्याला मुकं वाटू शकतं, हे मला त्या प्रकरणातून फार स्पष्ट दिसतं.

आता धातूंबद्दल. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला एसओएम (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) शिकलेल्या कुणालाही हे आठवेल. पोलादाचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे मालाचा मूळचा ताठपणा, सुमारे २०० गिगापास्कल, टायटॅनियमचा ११०, अल्युमिनियमचा ७०. आता प्रत्येकाला त्याच्या घनतेने भागा: ७.८५, ४.५, २.७. तिन्ही उत्तरं पंचविसाच्या आसपास येतात. वजनाच्या हिशेबात तिघं एकाच रांगेत उभे आहेत. मग अल्युमिनियमची फ्रेम ताठ आणि पोलादाची मऊ ही कीर्ती आली कुठून? नळीच्या व्यासातून. भिंतीची जाडी तेवढीच ठेवली तर पातळ भिंतीच्या नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाने वाढतो. वजन तेवढंच ठेवून व्यास दीडपट केला आणि भिंत त्या मानाने पातळ केली, तरी ताठपणा सव्वादोन पट होतो. अल्युमिनियम हलकं असल्यामुळे जाड नळी परवडते. पोलादात तेवढ्याच वजनाला तेवढा व्यास घ्यायचा तर भिंत इतकी पातळ होईल की पहिल्याच दगडाने पोचा पडेल.

दुकानात आणखी एक घोळ नेहमी ऐकू येतो: ‘ही ६०६१-टी६ आहे, म्हणजे ताठ.’ उष्णतेच्या प्रक्रियेने ६०६१ मिश्रधातूची मजबुती कितीतरी पटींनी वाढते, हे खरं. ताठपणा मात्र तिळमात्र बदलत नाही. मऊ नळी आणि टी६ नळी सारख्याच जोराला सारखीच लवतात; फक्त मऊ नळी लवकर कायमची वाकते. कार्बनची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे तंतू ज्या दिशेने अंथराल त्या दिशेने ताठपणा मिळतो. पिळाला तोंड द्यायचं तर पंचेचाळीस अंशांत थर टाकायचे, वाकण्याला द्यायचं तर लांबीच्या दिशेने. त्यामुळे ‘कार्बन किती ताठ’ याला उत्तरच नाही. कारखान्यात थर लावणाऱ्याने ज्या रायडरचा विचार केला असेल, तेवढा ताठ.

आणि माझं गाऱ्हाणं इथेच आहे. तो रायडर कोण?

माझा नवरा सहा फुटी, अठ्ठ्याऐंशी किलोचा. आम्ही एकाच मॉडेलची सायकल भाड्याने घेतली तर त्याला एक्स्ट्रा लार्ज मिळते, मला स्मॉल. त्याच्या शॉकमध्ये, म्हणजे मागच्या सस्पेन्शनमध्ये, इंचाला ४५० पौंडांची स्प्रिंग बसवतात, माझ्यात ३०० पौंडांची; दुकानदार वजन विचारल्याशिवाय सायकल हातात देत नाही. फोर्कची हवा, रीबाउंडचे (दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं त्याचे) टिक, सगळं वजनाप्रमाणे. फ्रेमला असं फिरवायला बटण नाही. त्याच जागी मी पाडलेला जोर त्याच्या साठ टक्के, म्हणजे फ्रेमही साठ टक्केच लवणार. त्यात माझी फ्रेम लहान. नळी दहा टक्क्यांनी आखूड झाली की तेवढ्याच जोराला तिचं वाकणं सत्तावीस टक्क्यांनी घटतं, कारण तिथेही घन आहे. दोन्ही एकत्र केलं तर त्याच्या पुढच्या त्रिकोणात जेवढी लवण आहे तिच्या निम्मीही माझ्या वाट्याला येत नाही. मागचा भाग पुष्कळ कंपन्या सगळ्या मापांना एकच देतात, तिथे निदान लांबीचा फटका नाही, वजनाचा आहेच. वर आम्ही बुटकी माणसं ८०० मिलिमीटरचं हँडल कापून ७४० करतो. त्याने हँडलही सव्वा पटीच्या आसपास ताठ होतं. सगळ्यात हलक्या हातांना सगळ्यात कडक सायकल.

काही कंपन्या आता मापागणिक नळ्या किंवा कार्बनचे थर बदलतात. माझ्या मते हे जाहिरातीच्या पहिल्या ओळीत यायला हवं, आणि खरेदी करणाऱ्याने ते पहिल्या प्रश्नात विचारायला हवं. तपशीलांच्या तक्त्यात हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) दशांशापर्यंत दिलेला असतो, आणि स्मॉल फ्रेम लार्जच्या नळ्या कापून केलीये का, याबद्दल अवाक्षर नाही.

शर्यतीतल्या लोकांकडे बघितलं तर ताठपणाची आंधळी शर्यत कधीच संपलेली दिसते. स्पेशलाइज्डची डेमो ही सायकल कार्बनमध्ये येत होती. २०२०च्या मॉडेलला कंपनीने ती फक्त अल्युमिनियममध्ये काढली. कोमेन्साल ही अँडोराची कंपनी तर अल्युमिनियमवरच ठाम राहिली. आमोरी पिएरॉंने २०१८ला वर्ल्ड कपची एकूण क्रमवारी त्या फ्रेमवर जिंकली, मिरियाम निकोलने २०१९ आणि २०२१ची जागतिक अजिंक्यपदं. वेल्समधल्या अॅथर्टन भावंडांची तऱ्हा निराळी: थ्रीडी प्रिंट केलेल्या टायटॅनियमच्या सांध्यांत कार्बनच्या नळ्या चिकटवायच्या. साचा लागत नसल्यामुळे त्यांना अशा सायकली बावीस मापांत देता येतात. याच फोर्ट विल्यमला २०२३मध्ये चार्ली हॅटन त्यांच्या सायकलवर जगज्जेता झाला. कार्बन, अल्युमिनियम आणि टायटॅनियम, तिघांनीही जिंकून दाखवलंय. त्यामुळे कुठला माल चांगला हा वाद मी घरात बंद केलाय.

मात्र उलट टोकाला जाऊन ‘जितकी मऊ तितकी बरी’ म्हणणारे भेटले की मी तिथेही भांडते. सस्पेन्शनला डॅम्पर, म्हणजे उसळी मुरवणारा भाग, असतो, फ्रेमला नसतो. फ्रेम लवली की ती ताकद साठवते आणि वळण संपताना, आपण सायकल सरळ करत असताना, परत फेकते. मागचं चाक शेपटी हलवल्यासारखं डावी-उजवीकडे जातं. शिवाय टायर जमिनीला टेकतो ती जागा एक्सलपासून सदतीस सेंटिमीटर खाली असते, चाक एकोणतीस इंची असेल तर. एवढ्या लांब तरफेने जमीन स्विंगआर्मला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या भागाला, पीळ घालत असते. तो पीळ शॉकपर्यंत पोचला की शॉकच्या दांड्याला आडवा भार बसतो, सील आणि बुश खराब होतात, शॉक अडकत चालतो. म्हणजे ज्या मऊपणासाठी आपण फ्रेम घेतली तोच सस्पेन्शनला जाम करतो.

पुढचं टोक तर मला ताठच हवं. जिथे बघतोय तिथे चाक गेलं पाहिजे, यात तडजोड नाही. फॉक्सच्या फोर्कचं नावच त्याच्या ४० मिलिमीटरच्या नळ्यांवरून आलंय. रॉकशॉक्सचा बॉक्सर बरीच वर्षं ३५वर होता, २०२३मध्ये ३८वर आला. भिंत तेवढीच धरली तर ३५वरून ३८ला गेल्याने नळीचा ताठपणा सुमारे अठ्ठावीस टक्के वाढतो, ४०ला गेल्याने जवळजवळ पन्नास. माझ्यासारखीला ३५ पुरेसा होता असं मला आजही वाटतं. पण बाजार मोठ्या अंगाच्या लोकांच्या मागे जातो.

जुनी सायकल बघायला जाल तेव्हा एक तपासणी हाताने करा. एकाने सीट आणि फ्रेम घट्ट धरायची, दुसऱ्याने मागच्या चाकाचा वरचा भाग धरून बाजूला ओढायचा, सोडायचा, पुन्हा ओढायचा. ओढताना दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक सांध्याच्या फटीवर ठेवायचं, निम्मं बोट एका भागावर, निम्मं दुसऱ्यावर. फ्रेम लवत असेल तर जोर वाढेल तसं चाक सरकत जातं आणि सोडलं की जागेवर येतं, बोटाला काही लागत नाही. बेअरिंग गेलं असेल तर सुरुवातीलाच बारीक ‘टक्’ होतं आणि बोटाखाली दोन भाग एकमेकांवर घसरल्याचं कळतं. ही ढिलाई म्हणजे लवचीकपणा नव्हे. विकणारे पुष्कळदा हिलाच ‘फ्रेमचा फ्लेक्स’ म्हणून खपवतात. मग टॉर्च घेऊन टायर आणि स्टे (मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या नळ्या) यांच्यामधली जागा आतून बघायची. तिथे रंग उडून बोटभर जागा चकाकत असेल, कार्बन असेल तर काळे धागे उघडे पडले असतील, तर वळणात टायर तिथे घासतोय. चाक ढिलं असेल, फ्रेम जास्त लवत असेल किंवा टायर मापापेक्षा मोठा असेल. यांतलं काय, ते शोधल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

प्रयोगशाळेतले आकडे मिळाले तर वाचावेत, पण कशाचे आहेत ते बघून. जर्मन नियतकालिकं अनेक वर्षं हेड ट्यूबला (फ्रेमच्या पुढच्या टोकाच्या नळीला) पीळ देऊन एक अंशाला किती न्यूटन-मीटर लागतात ते मोजत आली, आणि ते वजनाने भागून छापत आली. मापन पद्धतशीर असतं. पण ते एका मापाच्या फ्रेमचं, एका दिशेच्या पिळाचं, आणि संथपणे लावलेल्या जोराचं असतं. चिखलात मुळावर आपटणाऱ्या चोपन्न किलोंबद्दल त्या आकड्याला काही म्हणायचं नसतं.

म्हणून आम्ही तुलना ट्रॅकवरच केली. दोन सायकली, एक कार्बन, एक अल्युमिनियम, दोन्ही स्मॉल. अट एकच: फ्रेम सोडून बाकी सारं सारखं. एकाच बनावटीचे टायर, पुढे २१ आणि मागे २३ पीएसआय, पंपावर भरवसा न ठेवता वेगळ्या गेजने मोजलेले. सॅग (आपण बसल्यावर सस्पेन्शन दबतं ते माप) सारखी, हँडल तेच काढून तिकडे लावलेलं. लोक ही मेहनत घेत नाहीत, आणि मग तीन पीएसआयचा फरक फ्रेमच्या नावावर जमा होतो.

वरच्या माळावर दोघींत मला फरक सांगता आला नाही. सगळे धक्के जवळजवळ उभे, ते सस्पेन्शनचं काम. झाडीत शिरल्यावर एक डावं वळण आहे, बाहेरच्या बाजूला उतरतं, आणि त्याच्या मधोमध तीन मुळं तिरकी आडवी गेलेली. पाऊस पडून गेला की ती साबणासारखी होतात. कार्बनच्या सायकलवर पहिल्या मुळावर मागचं चाक खट्कन बाहेर गेलं, दुसऱ्यावर पुन्हा, आणि तिसऱ्याला मी ब्रेक धरून बसलेली. परत वर जाऊन पुन्हा आले, तेच. अल्युमिनियमवर तीच मुळं, तोच वेग. चाक बाहेर जायला निघालं, पण निघताना सांगून निघालं. खट्कन न होता एक ताण आला आणि परत गेला, आणि तेवढ्या उसंतीत माझं वजन बाहेरच्या पायावर गेलं. तिसऱ्या मुळापर्यंत ब्रेकची आठवणच झाली नाही. खालच्या मोठ्या उड्यांच्या पट्ट्यात मात्र कार्बनची उजवी ठरली. जमिनीवर जराशी तिरकी उतरले तरी ती रेघेसारखी सरळ निघायची, अल्युमिनियमची एक हेलकावा घ्यायची.

नवऱ्याने एक्स्ट्रा लार्जवर हीच जोडी चालवली. त्याचा निकाल माझ्या बरोबर उलटा. अल्युमिनियमची त्याला त्या डाव्या वळणात ‘ओल्या दोरीसारखी’ वाटली, कार्बनची नेमकी. ‘तुला खोटं वाटेल, पण मला ती मुळं कळलीच नाहीत,’ असं तो म्हणाला. मला खोटं वाटलं नाही. गणित दोन्हीकडे तेच सांगत होतं.

मी अल्युमिनियमची घेतली. वजनाला पाऊण किलो जास्त, गोंडोला वर नेते तेव्हा त्याचं दुःख नाही. मागच्या मुख्य सांध्याचं एक बेअरिंग ‘टक्’ करत होतं, ते विकणाऱ्याला बोट लावून दाखवलं आणि किमतीतून वळतं केलं. नवीन बेअरिंगं बसवली तेव्हा चाक पुन्हा बाजूला ओढून पाहिलं: ‘टक्’ गेलं, लवण होती तेवढीच राहिली. आता हँडल तेवढं बदलायचं आहे. ३५ मिलिमीटरच्या क्लॅम्पचं, म्हणजे मधोमध पकडतात तिथे तेवढ्या व्यासाचं, काढून ३१.८चं, कापलं तरी जरा लवणारं.